वीजगाडीतील बिघाड आणि पंपाच्या सवयी

विहिरीवरील पंप मध्येच बंद पडला म्हणजे शेतकरी काय करतो, हे खेड्यात कोणास सांगावयास नको. तो स्टार्टरच्या पेटीपाशी जातो, रिले पूर्ववत करतो आणि हिरवे बटण दाबतो. पंप पुन्हा थांबला, तर पुन्हा दाबतो. फ्यूज उडाला असेल, तर किटकॅट ओढून काढतो व हाताशी असेल ती तांब्याची तार दुहेरी पिळून तीत बसवितो. तीन फेजांपैकी एक गेला असेल, तर कंडेन्सरच्या आधाराने दोन फेजांवर मोटार ओढून चालवितो. पिकाला पाणी हवे असते, वीज ठराविक तासच मिळते आणि वायरमन दूर असतो. ही सवय गरजेतून जडलेली आहे. तिला नुसता अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या सवयीची किंमत जळालेल्या वाइंडिंगच्या रूपाने, आणि कित्येक घरांत माणसाच्या रूपाने, मोजावी लागली आहे, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रात आज ४० लाखांहून अधिक कृषिपंप विजेवर चालतात. ज्या घरांनी विजेचे पहिले धडे या पंपांवर गिरविले, त्यांच्याच अंगणात आता वीजगाडी येऊन उभी राहू लागली आहे. कोठे ती मुलाची दुचाकी असते, कोठे दूध व भाजीपाला तालुक्याला नेणारी तीनचाकी. राज्य शासनाने २०२१ साली वीजवाहनांचे धोरण जाहीर केले. १ जून २०२२ रोजी राज्य परिवहन महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरील बस पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावू लागली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०२३ साली लहान शेतकऱ्यांसाठी तयार केलेला विजेवरील ट्रॅक्टर लोकांपुढे आला. तेव्हा ही गाडी शहरापुरती राहील, असे कोणी समजू नये.

गाडी चांगली की वाईट, हा येथील प्रश्न नाही. तिला धूर नाही, आवाज थोडा, आणि रोजचा खर्च डिझेलच्या मानाने कमी. तिचे स्वागतच व्हावे. प्रश्न एवढाच आहे की, ती बिघडली असता तिच्याशी वागावे कसे? यावर स्पष्ट मत मांडले पाहिजे: पंपाशी वागण्याच्या सवयी वीजगाडीला लावू नयेत. गाडी आपणहून थांबली, तर तिला थांबू द्यावे. तिला बळाने चालविण्याची युक्ती ज्यास येते तो कुशल नव्हे. तिचे थांबणे ज्यास वाचता येते तो कुशल.

गाडीच्या पोटात काय असते?

मत पटण्यासाठी रचना थोडी समजली पाहिजे. गाडीतील बॅटरीत एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, म्हणजे डी. सी. वीज, साठविलेली असते. बॅटरीपासून निघालेली तार काँटॅक्टर नावाच्या जाड खटक्यातून कंट्रोलरकडे जाते. किल्ली फिरविली की हा खटका मिटतो. कंट्रोलर त्या डी. सी. विजेचे तुकडे सेकंदाला हजारो वेळा जोडून व तोडून तिचे तीन फेजांच्या विजेत रूपांतर करतो आणि ती मोटारीला पुरवितो. पंपाला तीन फेज रोहित्रावरून मिळतात. गाडीत ते कंट्रोलर घडवितो, एवढा फरक.

परंतु कंट्रोलर केवळ वीज घडवीत नाही. तो पहाराही करतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, दोन फेज एकमेकांस भिडले, मोटार किंवा बॅटरी तापली, बॅटरीचा दाब फार वाढला किंवा घसरला, मुठीकडून अथवा पेडलकडून येणारा इशारा विसंगत आढळला, तर तो सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. कधी तो गाडी पूर्ण न थांबविता तिचा जोर कमी करतो; कित्येक गाड्यांत अशा वेळी समोरच्या तबकडीवर कासवाचे चित्र उजळते. ते चित्र गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यासाठी आहे, माल बाजारात पोहोचविण्यासाठी नाही. कंट्रोलर वीज तोडतो तेव्हा बहुधा तो स्वतः बिघडलेला नसतो. तो आपले कर्तव्य बजावीत असतो. राखणदार भुंकला म्हणून त्याचे तोंड बांधणारा घरधनी जसा, तसाच दोषाचा इशारा देणारी तार तोडून गाडी हाकणारा चालक.

पंपाचा अनुभव येथे का लागू पडत नाही?

पंपावर काम करणाऱ्यास एक नियम चांगला ठाऊक असतो: मुख्य स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले की मोटार मृत झाली. वीजगाडीत हा नियम अपुरा पडतो, आणि धोक्याचे मूळ नेमके येथेच आहे.

पहिली गोष्ट अशी की, गाडीत विजेचा उगम गाडीबरोबरच असतो. खांबावरील वीज तोडता येते; बॅटरीतील वीज तोडता येत नाही. किल्ली काढल्यावर पुढच्या तारा निर्जीव होतील, पण बॅटरीची टोके जिवंतच राहतात. शिवाय जास्त प्रवाहाने काँटॅक्टरची टोके एकमेकांस वितळून चिकटली असतील, तर किल्ली काढूनही तो उघडत नाही.

दुसरी गोष्ट साठविलेल्या विजेची. कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. शेतकरी ज्यास कंडेन्सर म्हणतो तीच ही वस्तू. बॅटरी तोडल्यावरही त्यांत भार शिल्लक राहतो आणि तो ओसरण्यास काही मिनिटे लागतात. किती मिनिटे थांबावे, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. भार ओसरविणारी जोडणीच बिघडली असेल, तर तेवढा वेळही पुरत नाही. म्हणून जाणता कारागीर घड्याळावर विसंबत नाही. तो मीटर लावून दाब उतरल्याची खात्री करतो, आणि मीटर चालू आहे याची परीक्षा आधी व नंतर जिवंत ठिकाणी घेतो.

तिसरी गोष्ट ठिणगीची. घरातील व पंपाची वीज ए. सी. असते; ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी लवकर विझते. डी. सी. वीज शून्यावर येतच नाही. भार चालू असता तिची जोडणी ओढून काढली, तर दोन टोकांमध्ये ज्वाळेसारखा झोत टिकून राहतो, आणि तो धातू वितळवितो व डोळे दुखावितो. गाडीतील फ्यूज याच कारणाने वेगळ्या जातीचा असतो. त्याच्या जागी पंपाचा फ्यूज अथवा साधी तार बसविणे म्हणजे आग बोलावून घेणे होय.

चौथी गोष्ट चाकाची. बहुतेक नव्या वीजगाड्यांच्या मोटारींत कायमचे लोहचुंबक असतात. अशी मोटार बाहेरून फिरविली की ती स्वतःच वीज निर्माण करते. बंद पडलेली गाडी दोरी बांधून वेगाने ओढली, तर किल्ली काढलेली असतानाही मोटारीच्या तारांत दाब उत्पन्न होतो आणि तो दोषी कंट्रोलरमध्ये शिरतो. मोटारीस जोडलेले चाक उचलून, अथवा सगळी गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून नेणे, हाच निर्धोक मार्ग. गाडी हाताने कडेपर्यंत ढकलण्यास हरकत नाही. ट्रॅक्टरला बांधून गावापर्यंत फरफटत नेण्यास मात्र आहे.

‘अठ्ठेचाळीस व्होल्ट काय करणार?’

यावर एक आक्षेप हमखास येतो. तीनचाकीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे सारे ४८ व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टांपुढे त्यांची काय मातब्बरी? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. कोरड्या हातास ४८ व्होल्टांचा धक्का सहसा प्राणघातक नसतो. परंतु बॅटरीची दोन टोके पान्याने जोडली गेली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह क्षणात वाहतो. पाना लाल होतो, बोटातील अंगठी अथवा हातातील कडे मांसासह भाजते. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. तेथे ठिणगी पडली, तर बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडते. धक्का कमी म्हणून धोका कमी, हे गणित येथे चुकते.

शिवाय सर्वच गाड्या ४८ व्होल्टांच्या नसतात. दुचाकींत ७२ व्होल्टांपर्यंत, मोटारगाड्यांत बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट, आणि बसमध्ये त्याहूनही अधिक दाब असतो. भारतीय वाहनमानकांनी ६० व्होल्टांवरील डी. सी. दाब हा उच्च दाब मानला आहे, आणि अशा तारांचे आवरण नारिंगी असावे असे ठरविले आहे. नारिंगी तार दिसताच हात मागे घ्यावा, एवढे जरी खेड्यातील प्रत्येक घरी ठाऊक झाले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील. ती तार उघडण्याचा अधिकार त्या कामाचे शिक्षण व हातमोजे असलेल्या कारागिराचाच होय.

या मोठ्या दाबाच्या गाड्यांत आणखी एक सूक्ष्म दोष संभवतो. बॅटरीची दोन्ही टोके गाडीच्या सांगाड्यापासून अलग ठेवलेली असतात. एका तारेचे आवरण खरचटून ती सांगाड्यास लागली, तरी गाडी चालतच राहते. कारण प्रवाहास परतण्याची वाट नसते. हा पहिला दोष मुका असतो. दुसऱ्या बाजूची तारही लागली की मात्र सांगाड्यातून सबंध प्रवाह वाहतो, आणि त्या वेळी त्या मार्गात माणसाचा हातही असू शकतो. मानकानुसार डी. सी. जोडणीत हा अलगपणा दर व्होल्टास निदान १०० ओहम असावा लागतो. ४०० व्होल्टांच्या गाडीत ४०,००० ओहम. तो घटला की इन्शुलेशनचा दिवा लागतो. गाडी तर चालतेच आहे, मग दिव्याकडे कशाला पाहावयाचे, असे म्हणणारा मनुष्य दुसऱ्या दोषाची वाट पाहत असतो.

गोठा, खत आणि पाऊस

खेड्यातील गाडीस शहरापेक्षा निराळे शत्रू आहेत, आणि विक्रेत्याच्या पुस्तिकेत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. खताच्या गोणींशेजारी अथवा गोठ्यात गाडी उभी केली, तर युरिया व शेणमूत्र यांतून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेच्या जोडण्या खातो. जोडणी खाल्ली गेली की तेथे अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता वाढते, आणि उष्णतेने आवरण वितळते. उंदीर तारा कुरतडतात. फवारणीच्या पंपाचा जोरदार फवारा मारून गाडी धुतली, तर पाणी जोडण्यांत शिरते. पावसाळ्याच्या तोंडाशी व शेवटी जोडण्यांची तपासणी प्रशिक्षित कारागिराकडून करून घेणे, हा बैलांच्या खुरांची निगा राखण्याइतकाच साधा व्यवहार आहे.

चार्जिंगच्या वेळी तर गाडी थेट घराच्या विजेला जोडलेली असते. पंपाच्या लाइनीवरून हुक टाकून, अथवा सैल प्लगाच्या लांब वायरीने गाडी भारणे अत्यंत धोक्याचे आहे. तीन फेजांच्या लाइनीत न्यूट्रल तुटला, तर २३० व्होल्टांच्या ठिकाणी ४०० च्या घरात दाब येऊ शकतो. अर्थिंग नसेल आणि चार्जरमध्ये दोष असेल, तर गाडीचा सारा सांगाडा जिवंत होतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून गाडीस हात लावणारा मनुष्य मग त्या विजेची वाट बनतो. गाय-बैलांना तर माणसापेक्षाही थोड्या दाबाने इजा होते. पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने जमिनीतून आलेला प्रवाह त्यांच्या छातीतून जातो. म्हणून चार्जिंगची जागा गोठ्याबाहेर, कोरडी व छपराखाली असावी. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, चांगली अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच असावे. या साहित्याचा खर्च एका वाइंडिंगच्या खर्चापलीकडे फारसा जात नाही.

मग चालकाने करावे काय?

पहाटे दुधाचे कॅन भरलेले आहेत, संकलन केंद्राची वेळ टळत आली आहे, आणि तीनचाकी अर्ध्या वाटेत थांबली आहे. उपदेश करणारास ही वेळ सोपी वाटते. ज्याचे दूध नासणार त्यास वाटत नाही. त्याचे नुकसान खरे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु त्या वेळी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, आणि त्या आधीच मनाशी ठरविलेल्या असल्या म्हणजे घाईत चूक होत नाही.

गाडी कडेला घ्यावी, किल्ली काढावी, ब्रेक लावून चाकाखाली दगड द्यावा व माणसे खाली उतरवावीत. तबकडीवर कोणता दिवा वा अंक उमटला आहे तो लिहून घ्यावा. कारागिरास याच्याइतका उपयोगी निरोप दुसरा नाही. जळका वास, धूर, फुगवटा, सूं-सूं आवाज, पाण्यात बुडाल्याची खूण अथवा तुटलेली तार यांपैकी काहीही आढळले, तर गाडीस पुन्हा हात लावू नये. असे काही नसेल व पुस्तिकेत अनुमती असेल, तर काही मिनिटांनी एकदा किल्ली फिरवून पाहावी. एकदा, एकदाच. तोच दोष पुन्हा उमटला, तर दुसरे वाहन बोलवावे. दूध उत्पादकांच्या संस्थांनी अशा प्रसंगासाठी आपसांत एका वाहनाची सोय ठरवून ठेवली, तर चालकास जीव धोक्यात घालण्याचा मोह होणार नाही.

बॅटरीतून धूर निघू लागला, तर प्रथम माणसे दूर करावीत. चार्जिंग चालू असल्यास, शक्य असेल तरच, दुरून मुख्य स्विच पाडावा आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. लिथियम बॅटरीचा धूर विषारी असतो. तो हुंगत जवळ उभे राहू नये. तिची आग शमविण्यास बॅटरी थंड करावी लागते, व त्यास पुष्कळ पाणी लागते. घागरभर पाण्याने ती विझत नाही. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी कित्येक तासांनी, कधी दिवसांनीही, पुन्हा पेटते. म्हणून जळालेली गाडी घराजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ आणून ठेवू नये. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर आधी वीज तोडावी; ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्यास सोडवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. श्वास बंद असल्यास, ज्यास येत असेल त्याने छातीवर दाब देण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही

येथपर्यंतचा सारा भार चालकावर टाकून थांबणे योग्य होणार नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत पुण्यासह देशात अनेक ठिकाणी वीजदुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले, आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाले. यावरून एवढे सिद्ध होते की, गाडी निर्दोष असणे ही प्रथम बनविणाराची जबाबदारी आहे. जो विक्रेता गाडी तालुक्याला विकतो आणि तिची दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवतो, तो शेतकऱ्यास जोडातोडीच्या मार्गाला स्वतःच ढकलतो. मराठीत पुस्तिका न देणारा विक्रेताही त्याच दोषाचा भागीदार होय.

गावातील मोटार बांधणारा कारागीर हाही तिरस्काराचा विषय नव्हे. हाताने वाइंडिंग भरून जळालेली मोटार दोन दिवसांत उभी करणारा हा मनुष्य गावचे भूषण आहे. परंतु त्याचे ज्ञान ए. सी. मोटारीचे आहे, डी. सी. चा झोत, कपॅसिटरमधील भार आणि नारिंगी तार ही त्याच्या शिक्षणात आलेली नाहीत. त्याला दूर सारण्याऐवजी शिकवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजवाहन दुरुस्तीचा अभ्यासक्रम आता निघाला आहे. गावोगावच्या जाणत्या कारागिरांसाठी त्यातील सुरक्षिततेचा भाग काही दिवसांच्या वर्गात शिकविणे अशक्य नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथे सुरू होते. बियाणे व औषधे यांविषयी तो जसा सल्ला देतो, तसा गाडी खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारण्यास त्याने शेतकऱ्यास शिकवावे: दुरुस्ती किती अंतरावर आहे? बिघडलेली गाडी उचलून नेण्याची सोय कोणाची? पुस्तिका मराठीत आहे काय? बॅटरीची हमी कोणत्या कारणाने रद्द होते? ज्या विक्रेत्यास या प्रश्नांची उत्तरे लेखी देता येत नाहीत, त्याच्याकडून गाडी घेण्याची घाई नसावी. ग्रामसभेत एकदा गाडी प्रत्यक्ष उभी करून नारिंगी तार कोणती, मुख्य खटका कोठे आणि कोणता दिवा कशाचा, एवढे दाखविले, तर ते दहा पत्रकांपेक्षा अधिक फळ देईल.

पंप खेड्यात आला तेव्हा त्याच्याशी वागण्याची रीत कोणी आधी शिकविली नाही. ती एका पिढीने जळालेल्या मोटारींवरून व दगावलेल्या माणसांवरून शिकून घेतली, आणि तीही अर्धवटच. वीजगाडीच्या बाबतीत तोच मार्ग पुन्हा चालण्याचे कारण नाही. धडा आधी मिळू शकतो, आणि तो फार मोठाही नाही. गाडी थांबली तर तिने का थांबावे हे तिला ठाऊक असते. ते चालकास व कारागिरास कळेपर्यंत तिला उभी राहू द्यावी. एका सकाळचे दूध नासले, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा धार काढता येते.